वजनाचा काटा आणि कोवळे मन

मुलांच्या वजनाची काळजी पालक नेहमीच करीत आले आहेत. बाळ अंगाने भरले नाही, की आजी-आजोबा अस्वस्थ होतात आणि शाळेत जाणारे मूल जरा स्थूल दिसू लागले, की आई-वडील डॉक्टरांचा दरवाजा ठोठावतात. परंतु आपल्या वजनाविषयी खुद्द मुलाला काय वाटते, याचा विचार घरोघरी क्वचितच होतो. नऊ ते बारा या वयात मूल स्वतःच्या शरीराकडे इतरांच्या नजरेतून पाहू लागते. वर्गात कोण उंच, कोण बुटके, कोण लठ्ठ, कोण काडीसारखे, याची मोजदाद मुलांमध्ये सतत चालू असते. या मोजदादीत आपण कमी पडतो, अशी समजूत एकदा मनात रुजली, की मूल हळूहळू मागे सरू लागते. ते समूहनृत्यात भाग घेण्याचे टाळते, फोटो काढताना मागे उभे राहते, खेळाच्या तासाला पोट दुखत असल्याचे सांगते. अशा मुलाला आधार कसा द्यावा, याची ही माहिती.

एकाच जिल्ह्यातील दोन चित्रे

नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात हा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून त्यातील जवळजवळ ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. कुपोषणाच्या बातम्यांमुळे हा जिल्हा राज्याला परिचित आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात येथील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. सातपुड्याच्या पाड्यांवर वाढलेली यांपैकी अनेक बालके पुढे पाचवी-सहावीत जातात, तेव्हाही ती समवयस्कांपेक्षा लहानखुरी असतात.

दुसरीकडे नंदुरबार, शहादा, नवापूर यांसारख्या शहरांतील सुखवस्तू घरांत चित्र निराळे दिसते. शाळेची व्हॅन, संध्याकाळची शिकवणी, मोकळ्या मैदानांची वानवा आणि हाताशी असलेली वेफर्सची पाकिटे यांमुळे वजन वाढलेली मुले तेथे आहेत. जिल्हा कुपोषणाचा म्हणून ओळखला जात असल्याने अशा घरांत 'खाते-पिते बाळ' हे अभिमानाचे लक्षण मानले जाते आणि मुलाच्या मनातील खंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे दुहेरी चित्र देशपातळीवरही दिसते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणानुसार भारतातील १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले-मुली वयाच्या मानाने कृश होती, तर सुमारे ५ टक्के जादा वजनाची किंवा स्थूल होती. 'युनिसेफ'च्या २०२५ मधील अहवालाने जगभरातील ५ ते १९ वयोगटात स्थूल मुलांचे प्रमाण प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा अधिक झाल्याचे नोंदविले. दक्षिण आशिया मात्र त्याला अपवाद आहे. म्हणजे आपल्याकडे 'मी जाड आहे' असे म्हणून रडणारे मूल आणि 'मी हाडकुळा आहे' म्हणून लाजणारे मूल एकाच वर्गात, कदाचित एकाच बाकावर बसलेले असू शकते. दोघांच्या शरीराच्या गरजा भिन्न आहेत. मनाची गरज मात्र एकच आहे: आपल्याला आहे तसे घरच्यांनी आपले मानावे.

वाढीचे वेळापत्रक प्रत्येकाचे वेगळे

मुलींमध्ये वयात येण्याची प्रक्रिया साधारणतः ८ ते १३ या वर्षांत, तर मुलांमध्ये ९ ते १४ या वर्षांत केव्हाही सुरू होऊ शकते. एकाच वर्गातील दोन मुलींमध्ये यामुळे चार-पाच वर्षांचे अंतर असल्यासारखे वाटू शकते आणि तरीही दोघींची वाढ पूर्णतः निरोगी असते. उंची झपाट्याने वाढण्यापूर्वी अनेक मुलांच्या पोटावर व कमरेभोवती थोडी चरबी साठते. पुढे उंची वाढली, की बांधा आपोआप बदलतो. मुलींच्या शरीरात या काळात चरबीचे प्रमाण वाढणे हा तर पाळी येण्याच्या तयारीचाच भाग होय. लवकर वयात येणाऱ्या मुलीला आपण 'मोठ्या' दिसतो याची लाज वाटते, तर उशिरा वयात येणाऱ्या मुलाला आपण मागे पडलो असे वाटते.

ही माहिती मुलांना आधीच, साध्या शब्दांत दिली पाहिजे. आपल्या शरीरात जे घडत आहे ते ठरलेले आणि स्वाभाविक आहे, हे कळले की निम्मी भीती तेथेच ओसरते. वडिलांनी मुलाला आणि आईने मुलीला आपण स्वतः त्या वयात कसे दिसत होतो हे सांगितले, जुने फोटो दाखविले, तर ते मुलांना अधिक पटते.

आकडा कसा वाचावा?

वजनकाट्यावरील आकडा एकटा काहीच सांगत नाही. वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो निर्देशांक येतो, त्यास 'बीएमआय' म्हणतात. प्रौढांच्या बाबतीत १८.५ पेक्षा कमी निर्देशांक म्हणजे कमी वजन, असा संकेत आहे. हाच मापदंड मुलांना लावण्याची चूक पुष्कळदा होते. उदाहरणार्थ, अकरा वर्षांच्या मुलीची उंची १३८ सेंटिमीटर व वजन ३२ किलो असेल, तर तिचा निर्देशांक १६.८ येतो. प्रौढांच्या कोष्टकात ती 'कृश' ठरेल. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखानुसार या वयाच्या मुलींचा मध्यांक १७.२ च्या आसपास आहे, म्हणजेच ही मुलगी अगदी सर्वसाधारण आहे.

याकरिता मुलांचा निर्देशांक वय व लिंगानुसार तयार केलेल्या आलेखावरच पाहावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वयोगटातील भारतीय मुलांसाठी २०१५ मध्ये सुधारित आलेख प्रसिद्ध केले असून बालरोगतज्ज्ञ त्यांचा वापर करतात. एका मोजमापापेक्षा वर्षभरातील दोन-तीन मोजमापांतून दिसणारी दिशा अधिक महत्त्वाची. बाजारातील रुपयाच्या काट्यावर मुलाला दर आठवड्याला उभे करणे किंवा पाहुण्यांसमोर वजन विचारणे निरर्थक आहेच, शिवाय मुलाच्या मनावर त्याचा ओरखडा उठतो.

घरातील शब्द

मुलांना चिडवण्याची सुरुवात शाळेतच होते, असा आपला समज असतो. अनेकदा ती घरातूनच होते. 'ढोल्या', 'ढब्बू', 'हत्ती', 'काडी', 'लुकड्या', 'पापड' ही लाडाची नावे म्हणून घरात रुळतात. मामा, आत्या, शेजारी ती उच्चारतात आणि मूलही हसून घेते. त्या हसण्याचा अर्थ त्याला ते आवडते असा होत नाही. लग्नकार्यात 'हिचे लग्न कसे व्हायचे?' अशी थट्टा अकरा वर्षांच्या मुलीसमोर केली जाते. ती वर्षानुवर्षे लक्षात राहते.

या संदर्भात अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास लक्षणीय आहे. दोन हजारांहून अधिक किशोरवयीनांच्या पाहणीत असे दिसले, की ज्या घरांत पालक मुलांशी त्यांच्या वजनाविषयी बोलत, तेथील मुले उपाशी राहण्यासारखे अपायकारक उपाय अधिक प्रमाणात करीत. ज्या घरांत बोलणे केवळ सकस आहाराविषयी असे, तेथे हे प्रमाण कमी होते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीनेही २०१६ मध्ये पालकांना असाच सल्ला दिला: वजनाची चर्चा टाळा, मुलांना 'डाएट' करावयास लावू नका आणि शक्य तितक्या वेळा एकत्र जेवा.

आई-वडिलांचे स्वतःविषयीचे बोलणेही मुले ऐकत असतात. 'मी किती जाड झाले आहे' असे आई रोज आरशासमोर म्हणत असेल, तर शरीराकडे असेच पाहावयाचे असते, हा धडा मुलगी न शिकवता शिकते.

मूल बोलू लागले तर

'आई, मी जाड आहे का गं?' या प्रश्नावर 'छे, मुळीच नाही' असे उत्तर देऊन विषय संपविण्याकडे आपला कल असतो. मुलाला मात्र ते खरे वाटत नाही, कारण वर्गात त्याने दुसरेच काही ऐकलेले असते. 'मग कमी खा' हे उत्तर तर त्याहून वाईट. आधी ऐकून घेणे हाच योग्य मार्ग. 'आज असे का वाटले तुला? कोणी काही बोलले का?' एवढे विचारून थांबावे. मूल गप्प राहिले तरी घाई करू नये. स्वयंपाकघरात शेंगा निवडताना किंवा गाडीवरून शाळेत सोडताना, म्हणजे नजरेला नजर न देता बोलण्याची सोय असते तेव्हा, मुले अधिक मोकळी होतात.

त्यानंतर तीन गोष्टी सांगाव्यात. पहिली, त्याला वाईट वाटणे खरे आहे आणि ते सांगितल्याबद्दल बरे वाटले. दुसरी, या वयात शरीर बदलत असते व प्रत्येकाचा वेग निराळा असतो. तिसरी, चिडवणे ही चिडवणाऱ्याची चूक आहे. 'तू बारीक झालास की चिडवणे थांबेल' असे म्हणणे म्हणजे दोष मुलाच्याच पदरात टाकणे होय. मुलाच्या सुस्वभावाचे, चित्रकलेचे, धावण्याचे, हिशोबातील चोखपणाचे कौतुक एरवीही करीत राहावे. आपली किंमत काट्यावर ठरत नाही, हे त्याला अशा रोजच्या अनुभवातूनच पटते.

एक ताट, सर्वांसाठी

घरातील एकाच मुलासाठी वेगळे ताट वाढणे हे त्याला एकटे पाडणे असते. भावाला भजी आणि बहिणीला काकडी, अशी वाटणी झाली की बहीण चोरून खाऊ लागते. बदल करावयाचा तर तो साऱ्या घराने करावा. त्यासाठी महागड्या पदार्थांची गरज नाही. खानदेशातील कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, वांग्याचे भरीत, उडदा-मुगाची डाळ हा उत्तम आहार आहे. सातपुड्यातील ज्वारी, मका, भगर, नागली, तूर आणि पावसाळ्यातील रानभाज्या यांचेही तसेच. शहरातील शाळेत डब्यात भाकरी नेण्याची मुलांना लाज वाटते. घरातील मोठ्यांनीच ती आवडीने खाल्ली, तर ती लाज कमी होते.

जादा वजनाच्या वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे किंवा त्याचे एखादे जेवण बंद करणे धोक्याचे आहे. त्याची उंची वाढत असते. त्यामुळे पुष्कळदा डॉक्टरांचे उद्दिष्ट वजन घटविण्याचे नसून ते स्थिर राखण्याचे असते. साखरयुक्त शीतपेये, पाकिटातील तळीव पदार्थ घरात आणणेच कमी करावे. आणून लपविणे निरुपयोगी ठरते. बक्षीस म्हणून चॉकलेट आणि शिक्षा म्हणून जेवण बंद, हे दोन्ही प्रकार सोडावेत.

कृश मुलाच्या बाबतीत 'वजन वाढविणारी' पावडर विकत आणण्याचा मोह होतो. तिच्यापेक्षा दिवसातून पाच वेळा थोडे थोडे खाणे, शेंगदाणे-गूळ, अंडी, दूध, डाळ, केळी हे अधिक उपयोगी. ताटात उरले म्हणून रागावणे किंवा बळेच भरवणे यामुळे मुलाची अन्नावरची वासना उडते. किती वाढावे हे पालकांनी ठरवावे. किती खावे हे मुलाला ठरवू द्यावे.

खेळ, झोप आणि मोबाइल

५ ते १७ वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे अंगमेहनतीचा खेळ वा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा खेळ वजन कमी करण्याची शिक्षा वाटता कामा नये. लठ्ठ मुलाला सर्वांसमोर मैदानाच्या फेऱ्या मारावयास लावले, की त्याचे खेळावरील मन उडते. त्याला कबड्डी, पोहणे, सायकल, ढोलाच्या तालावरचे नृत्य यांपैकी जे आवडेल ते करू द्यावे आणि घरातील कोणी तरी त्याच्याबरोबर असावे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तासांची झोप लागते. अपुऱ्या झोपेचा भुकेवर व मनःस्थितीवर परिणाम होतो.

मोबाइलवरील छायाचित्रे व चित्रफिती हा आजचा नवा आरसा आहे. तेथील गोरे, सडपातळ चेहरे अनेकदा तंत्राने घडविलेले असतात, हे मुलांना एकदा प्रत्यक्ष दाखवावे. घरच्याच एखाद्या फोटोवर मोबाइलमधील 'फिल्टर' लावून दाखविला, की ते चटकन उमगते.

शाळा आणि आश्रमशाळा

वर्गात चिडवणे चालू असल्यास पालकांनी वर्गशिक्षकांना शांतपणे, उदाहरणांसह भेटून सांगावे. चिडवणाऱ्या मुलाला साऱ्या वर्गासमोर उभे करण्याऐवजी त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलण्याची विनंती करावी. वजन-उंचीची नोंद घेताना आकडा मोठ्याने न उच्चारणे, खेळाचे संघ मुलांना एकेक निवडू न देता शिक्षकांनीच पाडणे, अशा लहान बदलांनी पुष्कळ फरक पडतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत अतिचरबी, अतिसाखर व अतिमिठाचे पदार्थ विकण्यास मनाई आहे. पालक-शिक्षक संघाने याचा आग्रह धरावा.

आश्रमशाळांतील मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. नंदुरबार आणि तळोदा येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या अखत्यारीतील निवासी शाळांत हजारो मुले आई-वडिलांपासून दूर राहतात. रडू आले तर जवळ घ्यायला तेथे आई नसते. अशा वेळी अधीक्षक, अधीक्षिका व शिक्षक हेच पालक होत. कोणते मूल ताट अर्धवट ठेवते, कोण सुटीहून परतल्यावर गप्प झाले, कोणाला त्याच्या अंगलटीवरून नाव पडले आहे, याकडे त्यांचे लक्ष हवे. घरून आलेल्या पालकांनीही मुलाला पाहताच 'किती वाळलास' असे न म्हणता आधी त्याचे कुशल विचारावे.

वैद्यकीय सल्ला केव्हा?

सगळेच बदल वयाचे म्हणून सोडून देऊ नयेत. वजन वाढते आहे, पण उंची थांबली आहे; मानेभोवती वा काखेत त्वचा काळी व जाडसर झाली आहे; मूल झोपेत मोठ्याने घोरते; गुडघे सतत दुखतात, अशा वेळी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. कृश मुलास सततचा थकवा, लांबलेला खोकला किंवा ताप, विनाकारण घटणारे वजन, पिवळसर डोळे, वारंवार हाडे दुखणे अशी लक्षणे असतील, तर तपासणी टाळू नये. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने असून या आजारात मुलांची वाढ मंदावते व वयात येणेही लांबते. अशा मुलाला 'खात नाही म्हणून वाढत नाही' असे ऐकवणे अन्यायाचे ठरते. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू असून त्यात रक्ततपासणीवर भर आहे.

मनाच्या बाजूनेही काही खुणा गंभीर मानाव्यात: जेवण वारंवार टाळणे, डबा गुपचूप फेकणे, जेवणानंतर लगेच उलटी काढणे, दिवसातून अनेकदा वजन करणे, मित्रांना व शाळेला टाळणे, 'मी नसतो तर बरे झाले असते' असे उद्गार काढणे. शेवटच्या उद्गाराकडे तर क्षणभरही दुर्लक्ष करू नये.

१० ते १९ वयोगटासाठी जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पोषण आणि मानसिक आरोग्य हे दोन्ही विषय त्यात समाविष्ट आहेत. त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत चालणारी किशोरवयीनांची सल्ला केंद्रे महाराष्ट्रात 'मैत्री' या नावाने ओळखली जातात. नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो, तर मुलांना मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

धीर धरावा लागतो

या उपायांचा परिणाम महिन्याभरात काट्यावर दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. तो आधी इतरत्र दिसतो. मूल पुन्हा खेळावयास बाहेर पडते, स्नेहसंमेलनात नाव देते, ताटावर सर्वांबरोबर बसते, शाळेतील गोष्टी आपणहून सांगू लागते. पालकांनी याच खुणांची नोंद ठेवावी. शरीर आपल्या वेळेनुसार वाढत राहील. त्या वाटचालीत मुलाला आपल्या घरात तरी कोणी तोलत नाही, एवढी खात्री मिळाली पाहिजे.